नॅक आलं की रंग, नॅक गेलं की जैसे थे: कॉलेजचं मूल्यांकनाचं काम वर्षभर कसं चालवायचं

आमच्या भागात एखाद्या कॉलेजच्या गेटला रंग मारायला लागले आणि दोन दिवसांत कुंड्या येऊन पडल्या की स्टँडवरचा रिक्षावालासुद्धा विचारतो, "काय वो सर, नॅक आलं काय?" (नॅक म्हणजे कॉलेज तपासून ग्रेड देणारी संस्था.) हसण्यावारी नेतो आपण, खरं त्या माणसाला जे कळलंय ते आपल्याला कळायला वेळ लागला. पाच वर्षांतनं एकदा पळापळ, रात्री बारा-बारापर्यंत फायली, मग तपासणीची टीम गेली की स्टाफरूममध्ये कुंदा वाटायचा आणि कपाटाला कुलूप. मी खानापूर साईडच्या एका संलग्न डिग्री कॉलेजात बरीच वर्षं आयक्यूएसीचं, म्हणजे अंतर्गत गुणवत्ता कक्षाचं, काम बघतो, हे सगळं मी पण केलंय, त्यामुळे दुसऱ्याला नावं ठेवायला बसलेलो नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीतले नव्यानं हे काम गळ्यात पडलेले लोक फोन करून एकच विचारतात, सुरुवात कुठनं करायची? म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतो.

आधी थोडं बॅकग्राउंड, माहीत असेल तर पुढं जावा. नॅक ही यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, स्वायत्त संस्था, १९९४ ला सुरू झाली, ऑफिस आपल्याच बेंगळूरला. ती अख्ख्या संस्थेला बघते. एनबीए, म्हणजे तांत्रिक कोर्सना मान्यता देणारं बोर्ड, वेगळं, ते कोर्सला बघतं, म्हणजे इंजिनिअरिंगची मेकॅनिकल ब्रँच, एमबीए असं एकेक. एनबीएला २०१४ मध्ये वॉशिंग्टन अ‍ॅकॉर्डचं पर्मनंट मेंबरपद मिळालं (इंजिनिअरिंगच्या पदव्या एकमेकांच्या देशात मानायचा करार), त्यामुळे व्हीटीयूच्या, म्हणजे बेळगावच्या तांत्रिक विद्यापीठाच्या, कॉलेजांत त्याला एवढा भाव. आपल्याकडं, कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवर, गंमत अशी की निपाणीचा पोरगा नाक्यापलीकडं महाराष्ट्रात अर्जुननगरला गेला की शिवाजी विद्यापीठाचा, अलीकडं राहिला की राणी चन्नम्मा विद्यापीठाचा, आणि इंजिनिअरिंगला गेला तर व्हीटीयूचा. नियम, पोर्टल, परीक्षेची पद्धत सगळं वेगळं, खरं नॅकची सात क्रायटेरिया, म्हणजे निकष, मात्र तीच.

ती सात म्हणजे अभ्यासक्रम, शिकवणं आणि मूल्यमापन, संशोधन आणि विस्तार, इमारत-लायब्ररी वगैरे सोयी, विद्यार्थी सहाय्य, कारभार, आणि शेवटी संस्थेची मूल्यं आणि बेस्ट प्रॅक्टिस. ग्रेडच्या पद्धतीत एकूण मार्क १०००. आता नीट बघा, विद्यापीठाला संशोधनाला २५० आणि शिकवण्याला २००, संलग्न कॉलेजला मात्र शिकवणं-मूल्यमापनालाच ३५०. म्हणजे आपल्यासारख्या कॉलेजचा एक तृतीयांशापेक्षा जास्त जीव वर्गात आणि परीक्षेत आहे, आणि आपण रंग कशाला मारतो तर गेटला. ग्रेडचं गणित ४ पैकी सीजीपीएवर, म्हणजे सरासरी गुणांकावर, चालतं: ३.५१ पासून वर ए प्लस प्लस, ३.२६ पासून ए प्लस, ३.०१ पासून ए, मग बी चे तीन प्रकार, १.५१ ते २.०० सी, आणि १.५० किंवा खाली म्हणजे डी, मान्यताच नाही. २०१७ नंतरच्या पद्धतीत साधारण ७० टक्के भाग आकड्यांचा झाला, तो टीम यायच्या आधीच कागदावर तपासला जातो. टीम येईपर्यंत बहुतेक निकाल लागलेला असतो असं म्हटलं तरी चालेल, आणि हे मॅनेजमेंटला पटवायलाच मला दोन वर्षं लागली.

एक गोष्ट ध्यानात ठेवा, २०२४ च्या सुरुवातीला नॅकनं बायनरी पद्धत, म्हणजे मान्यता आहे किंवा नाही, आणि त्यावर लेव्हल एक ते पाच असा बदल जाहीर केलाय. त्यामुळे अर्ज करायच्या आधी साईटवरचं चालू मॅन्युअल उघडून बघायचं, शेजारच्या कॉलेजची जुनी पीडीएफ मागून आणून त्यावर काम सुरू करायचं नाही. खाली जे सांगतोय ते कुठल्याही पद्धतीत लागणारच.

पहिलं काम: मागचा रिपोर्ट कपाटातनं काढा

प्रत्येक पीअर टीम, म्हणजे नॅकची तपासणीची टीम, जाताना रिपोर्ट देते, त्यात बलस्थानं, उणिवा, संधी, आव्हानं आणि शेवटी शिफारशी असतात. आपण ग्रेड बघतो, पेपरला बातमी देतो आणि रिपोर्ट फाईलला लावतो. तो काढायचा. एकेक शिफारस एका ओळीत लिहायची, पुढं चार रकाने: काय करायचं, कुणी करायचं, कधीपर्यंत, झालं त्याचा कागद कुठला. पहिल्यांदा अ‍ॅक्रेडिटेशनला जात असाल तर रिपोर्ट नसणार, मग विद्यापीठाच्या लोकल इन्क्वायरी कमिटीनं (संलग्नतेसाठी कॉलेज तपासायला येते ती) काय म्हटलं होतं ते घ्या, तेही तेवढंच बोचरं असतं.

आणि 'कुणी' या रकान्यात 'सर्व प्राध्यापक' असं लिहू नका. एकाचं नाव लिहा. सर्वांचं काम म्हणजे कुणाचंच नाही, हे आपल्या गावच्या रस्त्यावरनं कळतंच की.

आयक्यूएसीची मीटिंग खरंच घ्या

समितीत प्राचार्य अध्यक्ष, थोडे प्राध्यापक, मॅनेजमेंटचा माणूस, ऑफिसमधले, गावातला एखादा, माजी विद्यार्थी, एखादा उद्योजक आणि चालू विद्यार्थी असतात. तीन महिन्यांतनं निदान एकदा बसायचं. बऱ्याच ठिकाणी मीटिंग होत नाही, मिनिट्स होतात, वर्षाची चार मिनिट्स एकाच दिवशी एकाच पेनानं लिहिलेली मी डोळ्यांनी बघितलीत. मीटिंगचा पहिला विषय कायम एकच ठेवा: मागच्या वेळी जे ठरलं त्याचं काय झालं. ठरलेलं झालं नसेल तर 'झालं नाही, कारण अमुक' असं लिहा, त्यात लाज नाही, उलट टीमला असली मिनिट्स खरी वाटतात. विद्यार्थी मेंबरला चहा-बिस्किटापुरतं बोलावू नका, त्याला आधी अजेंडा द्या, तोही त्याला कळेल त्या भाषेत.

फीडबॅक: इथंच सगळी मेख आहे

आमचा फीडबॅक फॉर्म वर्षानुवर्षं इंग्रजीत होता, पाच खाने, एक्सलंट ते पुअर. पोरं सगळ्यांना चार नाहीतर पाच द्यायची, आम्ही रंगीत ग्राफ काढायचो आणि खुश. आता फॉर्म भरून घेताना तो विषय शिकवणारेच सर समोर उभे असतील तर कोण पुअर लिहिणार सांगा. मग एका वर्षी आम्ही फॉर्मच बदलला, मराठी आणि कन्नड दोन्हीत छापला, नाव लिहायचं नाही, आणि फक्त चार प्रश्न. त्यातला एक होता, 'कॉलेजला यायला, वर्गात बसायला काय अडचण येते?' आणि एक, 'या सेमिस्टरला कुठल्या विषयातलं काय कळलं नाही?'

जांबोटी-कणकुंबी साईडच्या पोरांनी जवळपास एकच लिहिलं: बस पोचते नऊ वीसला, पहिला तास सुरू होतो नऊला. पावसाळ्यात तर अजून उशीर. आणि आम्ही पहिल्या तासाला काय ठेवलं होतं तर बीकॉमचा सगळ्यात अवघड पेपर, का तर सकाळी डोकं ताजं असतं म्हणून! त्या पोरांची हजेरी कमी, टेस्टचे मार्क कमी, आणि आम्ही स्टाफरूममध्ये बसून म्हणालो 'खेड्यातली पोरं अभ्यास करत नाहीत'.

मग काय केलं ते सांगतो कारण अख्खी सायकल म्हणतात ती हीच. फीडबॅकचा सारांश आयक्यूएसीपुढं ठेवला, पहिला तास लायब्ररी आणि ट्युटोरियलला दिला, अवघड पेपर तिसऱ्या तासाला नेला, बस डेपोला बस लवकर सोडा म्हणून पत्र दिलं (बस काही लवकर सुटली नाही, ते सोडा). सेमिस्टरअखेर त्याच पोरांची हजेरी जुन्या रजिस्टरशी ताडून बघितली, सुधारली होती. कागद किती झाले? फॉर्म, सारांश, मिनिट्स, जुनं आणि नवं टाईमटेबल, डेपोच्या पत्राची पोच, दोन हजेरीपटांच्या झेरॉक्स. नॅक जे म्हणतं की फीडबॅक घेतला, विश्लेषण केलं, कृती केली आणि वेबसाईटवर टाकलं, ते हेच की. टीम आली तेव्हा आमच्या रंगीत ग्राफला कुणी विचारलं नाही, या टाईमटेबलवर मात्र वीस मिनिटं बोलत बसले.

कोर्स आउटकम: आकडे घाला, खरं समजून घाला

सीओ-पीओ, म्हणजे कोर्स आउटकम आणि अख्ख्या पदवीचं प्रोग्रॅम आउटकम, म्हटलं की निम्मा स्टाफ गप्प होतो. सोपं आहे. विषय संपल्यावर पोराला काय करता यायला पाहिजे, ते चार-पाच वाक्यांत लिहायचं, तेच कोर्स आउटकम. मग टेस्टमधला कुठला प्रश्न कुठल्या आउटकमचा ते पेपर काढतानाच लिहून ठेवायचं. नंतर लिहायला बसलात तर अंदाजपंचे होणार.

समजा कॉस्ट अकाउंटिंगच्या वर्गात ६० पोरं. तुम्ही ठरवलं की त्या आउटकमच्या प्रश्नांत निम्मे मार्क मिळवणारी पोरं ५० टक्के असली तर लेव्हल एक, ६० टक्के असली तर दोन, ७० असली तर तीन. पहिल्या आउटकमला ४४ पोरं पास, म्हणजे ७३ टक्के, लेव्हल तीन. दुसऱ्याला ३८, म्हणजे ६३ टक्के, लेव्हल दोन. तिसरा, ओव्हरहेड वाटप, त्याला फक्त २१, म्हणजे ३५ टक्के, लेव्हल शून्य. बहुतेक जण इथं येऊन टार्गेटच खाली आणतात, ३० टक्क्याला लेव्हल एक करून टाकतात, आणि शीट हिरवी. तसं करू नका, तो शून्य हाच तुमच्या कामाचा, तोच जपून ठेवा.

शून्य आला की त्या प्रश्नाच्या उत्तरपत्रिका काढून चाळायच्या, दहा-पंधरा पुरे होतात. आमच्यात असं निघालं की गणित पोरांना येत होतं, प्रश्नातला शब्दच कळत नव्हता. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेलं पोरगं 'अपोर्शनमेंट' वाचून थांबायचं, त्याच्या बाकावरचं कन्नड शाळेतलं पण थांबायचं. मग मॅडमनी दोन पानांची शब्दयादी केली, इंग्रजी शब्द, पुढं मराठी, पुढं कन्नड, आणि एकेक सोडवलेलं उदाहरण, त्यावर दोन जादा तास घेतले. पुढच्या बॅचला तोच प्रश्नप्रकार परत विचारायचा आणि आकडा परत काढायचा. सुधारला तर यादी पुढं चालू, नाही सुधारला तर कारण दुसरं आहे, परत शोधायचं.

एक अडचण सगळ्या संलग्न कॉलेजांना येते. विद्यापीठाच्या परीक्षेचे मार्क आपल्याला एकूण मिळतात, प्रश्नवार मिळत नाहीत. काही लोक मग प्रश्नवार आकडे मनानंच भरतात, ते पाप करू नका. अंतर्गत टेस्टचे मार्क प्रश्नवार नोंदवा, उत्तरपत्रिकेच्या पहिल्या पानावर प्रश्न क्रमांकाचा तक्ता छापून घ्या म्हणजे पेपर तपासता तपासता भरला जातो, आणि विद्यापीठाचा एकूण मार्क सगळ्या आउटकमला सारखा लावलाय असं शीटवर स्पष्ट लिहा. पद्धत उघडपणे लिहिलेली असली की कुणी हरकत घेत नाही, लपवलं की सापडतं.

विद्यापीठात काम करणाऱ्यांनी इथनं एक पूल बांधायला पाहिजे. चाळीस कॉलेजांत एकाच विषयातला एकच आउटकम पडत असेल तर दोष चाळीस मास्तरांत नसतो, सिलॅबसमध्ये नाहीतर पुस्तकात असतो. ती माहिती बोर्ड ऑफ स्टडीजच्या, म्हणजे अभ्यासक्रम ठरवणाऱ्या मंडळाच्या, टेबलावर गेली पाहिजे, आणि सिलॅबस बदलताना 'हा बदल अमुक कारणासाठी' असं ठरावात आलं पाहिजे. विद्यापीठाला अभ्यासक्रमाच्या क्रायटेरियनला १५० मार्क आहेत ते त्यासाठीच. कॉलेजनं काय करायचं? वर्षातनं एकदा विभागवार एक पान लिहून बोर्डाच्या अध्यक्षाला पाठवायचं आणि पोच घ्यायची. उत्तर येईल न येईल, पोच आपल्याकडं राहते.

कागद ज्या महिन्यात झाला त्याच महिन्यात

आमच्या पहिल्या वेळची गोष्ट. एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर झालेलं, गाव झाडून काढलेलं, बांध घातलेला, सगळं खरंखुरं. एसएसआर, म्हणजे नॅकला द्यायचा स्वयंमूल्यांकनाचा रिपोर्ट, भरताना मी क्लार्कला विचारलं, पुरावा कुठाय? तो म्हणाला, "सर, फोटू हाईत की, लई हाईत. तारीख तेवढी न्हाई." एका फोटोत तर मागं दुसऱ्याच वर्षाचा बॅनर. झालेलं काम कागदावर झालंच नाही.

त्यानंतर आम्ही नियम केला: कार्यक्रम झाल्यापासून सात दिवसांत एक पानी रिपोर्ट, सहीसकट हजेरी, जिओटॅग असलेले दोन फोटो (चाळीस नकोत, दोन), नोटीस, आणि खर्च असेल तर बिल. पाच वस्तू, एक फोल्डर, फोल्डरच्या नावात तारीख आधी. ज्याचा कार्यक्रम त्यानं द्यायचं, दिल्याशिवाय पुढच्या कार्यक्रमाला अ‍ॅडव्हान्स नाही. ही शेवटची अट घातली आणि सगळं सरळ झालं.

आपल्या भागाला अजून एक जादा काम आहे, भाषेचं. ग्रामपंचायतीचं पत्र कन्नडमध्ये, पेपरचं कात्रण मराठीत, खात्याचं सर्क्युलर परत कन्नडमध्ये. डीव्हीव्हीत, म्हणजे आकड्यांच्या पडताळणीत, प्रादेशिक भाषेतल्या कागदाला इंग्रजी भाषांतर आणि त्यावर प्राचार्यांची सही लागते. महाराष्ट्रातल्या कॉलेजला एका भाषेचं भाषांतर, आपल्याला दोन भाषांचं. पाच वर्षांचे कागद शेवटच्या महिन्यात भाषांतर करायला घेतले तर माणूस वेडा होतो, आम्ही झालो. त्याच आठवड्यात चार ओळींचं भाषांतर मागं जोडून टाका, संपलं.

आकडे एकच ठेवा

विद्यार्थीसंख्या यूयूसीएमएसवर (कर्नाटकातलं विद्यापीठ-कॉलेजांचं पोर्टल) एक, आयशेला (केंद्राचा उच्च शिक्षणाचा सर्व्हे) दुसरी, एनआयआरएफला (केंद्राचं रँकिंग) तिसरी, एक्यूएआरमध्ये (नॅकला द्यायचा वार्षिक रिपोर्ट) चौथी, असं बऱ्याच कॉलेजांत असतं आणि ते मुद्दाम खोटं नसतं, वेगवेगळ्या माणसानं वेगवेगळ्या तारखेला मोजलेलं असतं. उपाय: प्रवेश संपल्यावर एक तारीख ठरवा, त्या दिवशीची यादी प्राचार्यांच्या सहीनं गोठवा, आणि पुढं वर्षभर जिथं जिथं आकडा मागतील तिथं त्याच शीटमधनं द्या. अजून एक सापळा म्हणजे वर्ष. प्रवेश-निकाल शैक्षणिक वर्षाचे, खर्च एप्रिल ते मार्चचा, संशोधन लेख जानेवारी ते डिसेंबरचे. हे तीन एका एक्सेलमध्ये मिसळले की डीव्हीव्हीवाले परत पाठवतात आणि उत्तराला मोजके दिवस मिळतात.

एक्यूएआर दरवर्षी भरलात तर एसएसआर म्हणजे पाच एक्यूएआर एकत्र करणं, एवढंच उरतं. आयआयक्यूए, म्हणजे नॅककडं करायचा पहिला अर्ज, मंजूर झाल्यावर एसएसआरला ४५ दिवस मिळतात. वर्षभर भरलेल्याला ते पुष्कळ, न भरलेल्याला काहीच नाहीत.

विद्यार्थी समाधान सर्व्हेचं पण आधीच बघा. नॅक थेट पोरांच्या ईमेलवर प्रश्न पाठवतं, कॉलेजला निदान १० टक्के किंवा १०० पोरांची उत्तरं लागतात, जे कमी असेल ते. आणि आपल्या पोरांचे ईमेल कुणी काढलेले असतात? प्रवेशाच्या दिवशी स्टँडजवळच्या सायबरवाल्यानं. पासवर्ड त्यालाच माहीत, नाहीतर थोरल्या भावाच्या नावावर. प्रवेशाच्या टेबलावरच पोराला मोबाईलवर मेल उघडून दाखवायला लावा, एक मिनिट लागतं. काय उत्तर द्यायचं ते मात्र शिकवू नका, पोरं बाहेर जाऊन सांगतात.

टीम येते तेव्हा

यावर लोक सगळ्यात जास्त विचारतात आणि सगळ्यात कमी सांगण्यासारखं आहे. पोरांना पाठ करून घेऊ नका. प्रत्येक विभागानं आपण केलेला एक बदल आधी-नंतरच्या आकड्यासकट सांगायची तयारी ठेवावी. जे नाही ते नाही म्हणून सांगावं. जेवणावर जेवढा खर्च करता त्याच्या निम्मा लायब्ररीवर करा, मांडे नसले तर ग्रेड कमी होत नाही.

शेवटचं: चार्ज देणं-घेणं

हे कुठल्याच मॅन्युअलमध्ये नाही. आयक्यूएसीचा को-ऑर्डिनेटर बदलला की निम्मी कॉलेजं शून्यावर येतात, कारण सगळं त्याच्या पेनड्राईव्हमध्ये आणि डोक्यात. कॉलेजच्या नावाचा ईमेल काढा, पोर्टलला तोच द्या, मोबाईल नंबर पण कॉलेजचा वेगळा घ्या, ड्राईव्ह त्याच ईमेलवर ठेवा, पासवर्ड सीलबंद पाकिटात प्राचार्यांच्या तिजोरीत. निदान सहा महिने जुना आणि नवा माणूस एकत्र काम करू दे. आमच्याकडं जुने सर रिटायर होऊन गावी शेतीला गेले आणि पोर्टलचा सगळा पत्रव्यवहार त्यांच्या खासगी ईमेलवर. मी फोन केला की ते भाताच्या रोपात गुडघाभर चिखलात, म्हणायचे, "थांब गा, बांधावर येतो, हात धुतो, मग बघतो काय आलंय ते." बांधावर रेंज नव्हती.